'पुरेसं' आणि 'आवश्यक': अँटीबॉडी जनुकाच्या प्रमोटरची अर्धीच सांगितली जाणारी गोष्ट

पीएचडीच्या मुलाखतीत 'इम्युनॉलॉजी आवडतं' असं सांगितलं की एक प्रश्न येण्याची दाट शक्यता असते. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत अँटीबॉडीची जनुकं आहेत. मग अँटीबॉडी फक्त बी पेशी आणि त्यांच्यापासून तयार होणाऱ्या प्लाझ्मा पेशीच का बनवतात? यकृताच्या पेशीला कोणी अडवलंय?

नोट्समधलं उत्तर बहुतेकांना पाठ असतं. अँटीबॉडी जनुकाच्या प्रमोटरमध्ये ऑक्टॅमर नावाचा आठ अक्षरांचा क्रम असतो. बी पेशीत ऑक्ट-२ नावाचं प्रथिन असतं. ते ऑक्टॅमरला चिकटतं आणि जनुक चालू होतं. यकृतात ऑक्ट-२ नाही, म्हणून तिथे जनुक बंद. चार वाक्यं, एक आकृती, काम संपलं.

हे उत्तर सुटसुटीत आहे, पण ते १९९३ पासून प्रयोगांपुढे टिकलेलं नाही. तरीही ते नोट्समधून नोट्समध्ये उतरत राहतं. या लेखात मी त्या उत्तराच्या मुळाशी असलेल्या कामाकडे, विशेषतः १९८७ सालच्या एका गाजलेल्या पेपरकडे, टीकेच्या नजरेने बघणार आहे. पेपर चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. पेपरने जे सिद्ध केलं आणि आपण त्यातून जे उचललं, या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे, आणि तुम्ही उद्या स्वतःचं प्रपोजल लिहाल तेव्हा हेच अंतर तुम्हाला नडू शकतं. 'अमुक पेशीत अमुक जनुक चालू होण्यामागचा प्रमोटर घटक आम्ही शोधू' हे वाक्य कितीतरी प्रपोजलांत असतं. ते लिहिण्याआधी ही गोष्ट पूर्ण वाचा.

आधी थोडी उजळणी

प्रमोटर म्हणजे जनुकाच्या सुरुवातीलगतचा डीएनएचा तुकडा. आरएनए पॉलिमरेज-२ आणि त्याचा सगळा लवाजमा इथे जमतो आणि इथून ट्रान्सक्रिप्शन सुरू होतं. एन्हान्सर हा वेगळा तुकडा. तो जनुकापासून दूर, पुढे, मागे किंवा जनुकाच्या पोटातही असू शकतो आणि तिथून प्रमोटरचं काम वाढवतो.

अँटीबॉडी जनुकांची खास गोष्ट अशी की ती जन्मजात तुकड्यांत असतात. जड साखळीसाठी व्ही, डी आणि जे असे तुकडे, हलक्या साखळीसाठी व्ही आणि जे. बी पेशी घडताना हे तुकडे कापून जोडले जातात. सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. आपल्या विषयासाठी यातला महत्त्वाचा भाग हा: प्रत्येक व्ही तुकड्याच्या आधी त्याचा स्वतःचा प्रमोटर असतो, आणि एन्हान्सर मात्र दूर, जे आणि सी यांच्या मधल्या इंट्रॉनमध्ये असतो. जोडणी होण्यापूर्वी या दोघांत लाखो अक्षरांचं अंतर असू शकतं. जोडणी झाली की निवडलेल्या व्हीचा प्रमोटर एन्हान्सरच्या अगदी जवळ, काही हजार अक्षरांवर येतो. न जोडलेल्या व्हीचा प्रमोटर सहसा मंद असतो, जोडल्यावर तो जोरात चालू होतो. क्रम तोच, जागा बदलली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा इंट्रॉनमधला एन्हान्सर १९८३ मध्ये एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांना सापडला. तोवर एन्हान्सर म्हटलं की प्रामुख्याने विषाणूंची उदाहरणं दिली जात. पेशीच्या स्वतःच्या जनुकात, तोही विशिष्ट प्रकारच्या पेशीतच काम करणारा एन्हान्सर मिळणं ही मोठी गोष्ट होती.

१९८४ ते १९८७: भक्कम काम

१९८४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे व्ही जनुकांच्या आधीचे क्रम एकाखाली एक मांडून पाहिले. एक पार्सलो आणि सहकाऱ्यांचा, दुसरा म्युनिकमधल्या फाल्कनर आणि त्साखाऊ यांचा. दोघांनाही तीच आठ अक्षरं दिसली. जड साखळीच्या जनुकांत ए-टी-जी-सी-ए-ए-ए-टी, आणि हलक्या साखळीच्या जनुकांत तीच उलट्या धाग्यावर, म्हणजे ए-टी-टी-टी-जी-सी-ए-टी. जागाही ठरलेली, ट्रान्सक्रिप्शन सुरू होण्याच्या ठिकाणाआधी साधारण ७० अक्षरांवर. फाल्कनर आणि त्साखाऊ यांनी हा भाग असलेला तुकडा काढून टाकला तर कप्पा जनुकाचं योग्य ट्रान्सक्रिप्शन होत नाही, हेही दाखवलं.

१९८५ मध्ये मेसन, विल्यम्स आणि न्यूबर्गर यांनी दाखवलं की जड साखळीच्या व्हीचा प्रमोटर स्वतःच पेशीचा प्रकार ओळखतो. म्हणजे सगळी निवड एन्हान्सरच करतो असं नाही. त्याच वर्षी ग्रोशेडल आणि बाल्टिमोर यांनी पेपरच्या शीर्षकातच सांगून टाकलं की पेशीनिहाय नियंत्रण किमान तीन डीएनए घटकांकडून होतं. 'किमान तीन' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नोट्समधल्या उत्तरात त्यातला एकच उरला.

आणि मग १९८७ मध्ये 'नेचर'मधला विर्थ, स्टाउट आणि बाल्टिमोर यांचा पेपर आला. त्याचं म्हणणं असं: टाटा पेटीच्या आधी फक्त एक ऑक्टॅमर ठेवला तरी लिम्फॉइड पेशींपुरता चालणारा प्रमोटर मिळायला ते पुरेसं आहे. पूर्ण व्ही प्रमोटर लागत नाही.

प्रयोगाची रचना म्हणून हे सुंदर काम आहे. बाकीचं सगळं काढून टाका, एकच घटक ठेवा, आणि त्याच्यात गुण उरतो का ते बघा. आजही 'किमान प्रमोटर' बनवताना आपण हेच करतो. आधीच्या पेपरांत तुकडे शेकडो अक्षरांचे होते, त्यामुळे नेमकं काम कोण करतं हे धूसर होतं. इथे बोट आठ अक्षरांवर ठेवता आलं. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, एकापेक्षा जास्त प्रयोगशाळांनी ऑक्ट-२ चं जनुक क्लोन केलं. ऑक्टॅमरला चिकटणारं, बी पेशीत भरपूर असणारं प्रथिन हातात आलं आणि गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटली.

आता टीका

पहिला मुद्दा 'पुरेसं' या शब्दाचा. पुरेसं, पण कुठे?

विहिरीवरच्या मोटरीचं उदाहरण घ्या. स्टार्टर दाबला की पाणी येतं. म्हणजे पाणी यायला स्टार्टर दाबणं पुरेसं आहे? थ्री-फेज लाईट असेल, विहिरीला पाणी असेल, पाइप फुटलेला नसेल, तर पुरेसं आहे. 'पुरेसं' या शब्दामागे नेहमी एक न सांगितलेली यादी असते. १९८७ च्या प्रयोगात ती यादी म्हणजे आधीच तयार असलेली लिम्फॉइड पेशी, तिच्यातली सगळी प्रथिनं, आणि त्या पेशीत बाहेरून टाकलेला डीएनए. या परिस्थितीत ऑक्टॅमर पुरेसा आहे. पेपरने एवढंच म्हटलंय आणि ते खरं आहे.

दुसरा मुद्दा बाहेरून टाकलेल्या डीएनएचा. प्लाझ्मिड पेशीत टाकलं की त्याच्या प्रती पुष्कळ असतात आणि दोनेक दिवसांत मोजमाप उरकतं. या डीएनएला गुणसूत्रावरच्यासारखा इतिहास नसतो. यकृताच्या पेशीतलं खरं अँटीबॉडी जनुक न जोडलेलं आहे, घट्ट गुंडाळलेल्या क्रोमॅटिनमध्ये आहे, एन्हान्सरपासून लांब आहे. प्लाझ्मिडवर यातलं काहीच नाही. म्हणून यकृताची पेशी हे जनुक का चालू करत नाही, या मूळ प्रश्नाचं उत्तर प्लाझ्मिड देऊच शकत नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो: उघडा डीएनए समोर ठेवला तर कोणत्या पेशीतली प्रथिनं त्याच्यावर जास्त काम करतात?

तिसरा मुद्दा सगळ्यात बोचरा आहे. हाच ऑक्टॅमर हिस्टोन एच-२-बी जनुकाच्या प्रमोटरमध्येही आहे. ते जनुक तर शरीरातल्या कुठल्याही विभाजित होणाऱ्या पेशीत चालतं. तिथे ऑक्टॅमरला चिकटतं ते ऑक्ट-१, जे जवळपास सगळ्या पेशींत असतं. म्हणजे या आठ अक्षरांचा अर्थ 'बी पेशी' असा नाही. एका प्रमोटरमध्ये तो अर्थ निघतो, दुसऱ्यात निघत नाही. फरक शेजारच्या क्रमांमुळे आणि सोबत येणाऱ्या प्रथिनांमुळे पडतो. त्या काळातल्या संशोधकांना हे माहीत होतं आणि त्यावर वादही झाले. आपल्या नोट्समध्ये मात्र हा विरोधाभास क्वचितच येतो.

चौथा मुद्दा साध्या गणिताचा. चार अक्षरांच्या भाषेत आठ अक्षरी शब्द ६५,५३६ होतात. माणसाचा एकेरी जीनोम सुमारे ३ अब्ज अक्षरांचा. चारही अक्षरं सारख्या प्रमाणात आहेत असं ढोबळपणे धरलं, तर हा शब्द निव्वळ योगायोगाने एका धाग्यावर ४५ हजारांच्या वर वेळा यायला हवा. दुसरा धागा धरला तर ९० हजारांच्या वर. कामाचे व्ही तुकडे तिन्ही ठिकाणचे मिळून शंभर-सव्वाशेच्या आसपास. मग ऑक्ट-२ ला बाकीच्या हजारो जागा सोडून नेमकी हीच जागा का मिळते? आठ अक्षरांत एवढी माहिती मावतच नाही. हे गणित करायला प्रयोगशाळाही लागत नाही. कुठलाही मोटिफ 'अमुक ठरवतो' असं वाचलं की आधी हे करून बघा.

पाचवा मुद्दा: पुरेसं असणं तपासलं, पण खऱ्या जनुकात आवश्यक असणं तपासलं नाही. इथे लेखकांवर अन्याय करू नये. उंदरात हवं ते जनुक नेमकं बंद करण्याचं तंत्र तेव्हा नुकतं उभं राहत होतं. असे पहिले उंदीर १९८९ च्या सुमारास आले. प्रश्न विचारायचं साधनच हाताशी नव्हतं. दोष द्यायचाच तर साधन आल्यावर मिळालेलं उत्तर न वाचणाऱ्या आपल्याला द्यावा लागेल.

१९९३ ते २००१: खरी परीक्षा

१९९३ मध्ये कॉर्कोरन आणि सहकाऱ्यांनी ऑक्ट-२ नसलेले उंदीर तयार केले. पिल्लं जन्मानंतर लगेच दगावली, त्यामुळे ऑक्ट-२ शरीराला लागतं हे उघड झालं. पण बी पेशींच्या सुरुवातीच्या वाढीत मोठा अडथळा नव्हता, आणि अँटीबॉडी जनुकं चालू होत होती. गडबड पुढच्या टप्प्यावर होती, बी पेशी परिपक्व होण्यात आणि उत्तेजनाला प्रतिसाद देण्यात. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने उंदराच्या बी पेशींच्या एका ओळीत ऑक्ट-२ चं जनुक तोडलं. तिथेही अँटीबॉडी जनुकाचं काम चालू राहिलं.

म्हणजे 'ऑक्ट-२ आहे म्हणून चालू' हे वाक्य इथेच पडलं.

मग नजर गेली सहायक प्रथिनाकडे. १९९२ मध्ये रोडर यांच्या प्रयोगशाळेने जैवरासायनिक पद्धतीने दाखवलं होतं की ऑक्ट-१ आणि ऑक्ट-२ दोघंही अँटीबॉडी प्रमोटर चालवू शकतात, पण सोबत बी पेशीतला आणखी एक घटक लागतो. १९९५ मध्ये तो घटक क्लोन झाला, आणि वेगवेगळ्या गटांनी त्याला ओसीए-बी, ओबीएफ-१ आणि बॉब-१ अशी तीन नावं दिली. वाचताना गोंधळू नका, प्रथिन एकच आहे. आता कोडं सुटलं असं पुन्हा वाटलं: ऑक्ट-१ सगळीकडे असू दे, ओबीएफ-१ फक्त लिम्फॉइड पेशींत आहे, म्हणून निवड तोच करतो.

१९९६ मध्ये ओबीएफ-१ नसलेले उंदीर आले, तेही एकाहून अधिक प्रयोगशाळांतून. हे उंदीर जगले. त्यांच्या रक्तात आयजीएम फारसं कमी नव्हतं. पण आयजीजीसारखे वर्ग बदललेले प्रकार खूप घटले होते आणि लसीकरणानंतर लिम्फ ग्रंथींत, प्लीहेत जी जर्मिनल सेंटर तयार व्हायला हवीत ती होत नव्हती. म्हणजे हे प्रथिन रोगप्रतिकारासाठी अत्यंत महत्त्वाचं, पण ज्या कामासाठी ते शोधलं गेलं, व्ही प्रमोटर चालू करण्याच्या, त्या कामासाठी अपरिहार्य नाही.

शेवटी २००१ मध्ये शूबार्ट, मॅथियास आणि सहकाऱ्यांनी ऑक्ट-२ आणि ओबीएफ-१ दोन्ही नसलेल्या बी पेशी तपासल्या. अँटीबॉडी जनुकांचं ट्रान्सक्रिप्शन तरीही होत होतं.

रिपोर्टर प्रयोगात सगळं ज्यांच्यावर अवलंबून दिसत होतं, ती दोन्ही प्रथिनं काढून घेतली तरी खरं जनुक चालूच. एका जर्नल क्लबमध्ये हा २००१ चा पेपर १९८७ च्या पेपरनंतर लगेच मांडला, तर समोरच्यांचे चेहरे बघण्यासारखे होतील.

पण उलट्या टोकाला जाऊ नका

इथे दुसरी चूक दबा धरून बसलेली आहे. नॉकआउट वाचून काही जण म्हणतात, मग ऑक्टॅमर बिनकामाचा, प्रमोटरचं काही चालत नाही, सगळं एन्हान्सरच करतो. हेही तितकंच घाईचं आहे.

एक तर नॉकआउटमध्ये प्रथिन काढलं, क्रम काढला नाही. ऑक्ट-२ आणि ओबीएफ-१ गेले तरी ऑक्ट-१ शिल्लक होतं, आणि ऑक्टॅमर जागच्या जागी होता. दुसरं असं की नॉकआउट उंदराच्या पेशी पहिल्या दिवसापासून त्या प्रथिनाशिवाय वाढलेल्या असतात, त्यांना दुसरी सोय लावायला वेळ मिळालेला असतो. स्टार्टर बिघडला तर वायर डायरेक्ट जोडून मोटर चालवणारे असतातच. तशी मोटर चालली म्हणून 'स्टार्टर कधी काही करतच नव्हता' असा निष्कर्ष निघत नाही.

गंमत म्हणजे एन्हान्सरबाबतही हेच घडलंय. १९८३ मध्ये जड साखळीचा इंट्रॉनमधला एन्हान्सर सापडला, आणि १९८४-८५ मध्येच अशा पेशी-ओळी समोर आल्या ज्यांनी हा एन्हान्सर आपोआप गमावला होता, तरी जड साखळी जोरात बनत होती. हा धक्का होता. मग १९९० मध्ये जनुकाच्या दुसऱ्या टोकाला, सी तुकड्यांच्याही पलीकडे, आणखी एक एन्हान्सर सापडला आणि चित्र थोडं स्पष्ट झालं. एकच घटक सगळं चालवतो हे म्हणणं प्रमोटरच्या बाबतीत चुकलं, तसंच पहिल्या एन्हान्सरच्या बाबतीतही चुकलं.

प्रमोटरच्या कामाचा आणखी एक पैलू हायपरम्युटेशनच्या प्रयोगांत दिसतो. जर्मिनल सेंटरमधल्या बी पेशी आपल्या व्ही भागात मुद्दाम बदल करत राहतात आणि त्यातून जास्त घट्ट चिकटणाऱ्या अँटीबॉडी निवडल्या जातात. १९९४ मध्ये बेट्झ आणि सहकाऱ्यांनी कप्पा ट्रान्सजीनचा स्वतःचा प्रमोटर काढून तिथे बीटा-ग्लोबिनचा, म्हणजे लाल रक्तपेशींच्या जनुकाचा प्रमोटर बसवला. बदल होतच राहिले. एन्हान्सरचे भाग काढल्यावर मात्र मोठा फटका बसला. इथवर वाचलं तर प्रमोटर कुठलाही चालतो असं वाटतं. पण १९९६ मध्ये पीटर्स आणि स्टॉर्ब यांनी सी भागाच्या आधी एक जादा व्ही प्रमोटर बसवला, आणि एरवी जवळजवळ न बदलणाऱ्या सी भागातही बदल दिसू लागले. प्रमोटर कोणाचा याला या कामात फार महत्त्व नाही, तो कुठे आहे याला आहे. 'प्रमोटर महत्त्वाचा आहे का?' या प्रश्नाला होय-नाही उत्तर नसतं ते यामुळेच. कुठल्या कामासाठी, हे आधी विचारावं लागतं.

आणि रुग्णालयातलं उदाहरण हवं असेल तर बर्किट लिम्फोमा आहे. यातल्या सुमारे ८० टक्के रुग्णांत ८ व्या आणि १४ व्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते आणि एमवायसी हे वाढीचं जनुक जड साखळीच्या जनुकाशेजारी येऊन पडतं. उरलेल्यांत ते हलक्या साखळीच्या जनुकांजवळ जातं. एमवायसीला व्ही प्रमोटर नाही, तरीही अँटीबॉडीच्या शेजारात आल्यावर ते बी पेशीत नको तितकं चालू राहतं. शेजार किती बलवान आहे, याचा निसर्गाने केलेला हा क्रूर प्रयोग.

औषध कारखान्यांतलं चित्र तर आणखी वेगळं. उपचारासाठीच्या अनेक मोनोक्लोनल अँटीबॉडी चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींत बनवतात, आणि तिथे बऱ्याचदा मानवी सायटोमेगॅलोव्हायरसचा प्रमोटर वापरतात. बी पेशी नाही, ऑक्ट-२ च्या भरवशावर बसायची गरज नाही, तरी अँटीबॉडी भरभरून मिळते. 'पुरेसं' या शब्दाची न सांगितलेली यादी बदलली की उत्तरही बदलतं.

मग मुलाखतीत काय सांगायचं?

मी असं सांगेन. अँटीबॉडी जनुक बी पेशीपुरतं राहतं ते अनेक थरांमुळे. पहिला थर जोडणीचा: तुकडे फक्त लिम्फॉइड पेशींत कापले-जोडले जातात, आणि अँटीबॉडीची जोडणी पूर्ण होते ती बी पेशीत. दुसरा थर जागेचा: जोडणीमुळे व्हीचा प्रमोटर एन्हान्सरच्या टप्प्यात येतो. तिसरा थर क्रोमॅटिनचा: इतर पेशींत हा सगळा भाग बंद अवस्थेत असतो. चौथा थर प्रमोटरचा: ऑक्टॅमर आणि त्याच्या शेजारचे क्रम पेशीतल्या ऑक्ट कुटुंबातल्या प्रथिनांना आणि त्यांच्या सहायकांना जागा देतात. या थरात एकमेकांची जागा घेणारे पर्याय आहेत, म्हणून एक प्रथिन काढलं तर जनुक बंद पडत नाही. ऑक्टॅमर लहान प्लाझ्मिडवर पेशीनिहाय काम दाखवायला पुरेसा ठरला, पण ऑक्ट-२ आणि ओबीएफ-१ खऱ्या जनुकासाठी अपरिहार्य ठरले नाहीत.

हे उत्तर लांब आहे, मान्य. पण यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या प्रयोगावर उभं आहे ते तुम्ही सांगू शकता. परीक्षकाने 'कशावरून?' विचारलं की चार वाक्यांचं उत्तर तिथेच संपतं.

पेपर वाचताना विचारायचे चार प्रश्न

१. शीर्षकातलं क्रियापद कोणतं आहे? पुरेसं आहे, आवश्यक आहे, चिकटतं, सहभागी आहे, ठरवतं. ही पाच वेगळी विधानं आहेत आणि प्रत्येकाला वेगळा प्रयोग लागतो. 'चिकटतं' यावरून 'चालवतं' सिद्ध होत नाही.

२. डीएनए कुठे होता? प्लाझ्मिडवर, गुणसूत्रात कुठेतरी घुसलेला, की त्याच्या मूळ जागी? ट्रान्सजीन आणि मूळ जनुक यांतही फरक असतो.

३. काय काढलं, क्रम की प्रथिन? आज क्रिस्परने मूळ जागेवरची आठ अक्षरं बदलणं शक्य आहे. तुमच्या प्रपोजलमध्ये रिपोर्टर प्रयोग असेल तर त्याच्या शेजारी मूळ जागेवरचा बदलही असू द्या. नसेल तर का नाही, हे स्वतःच लिहून ठेवा. परीक्षक विचारणारच.

४. हाच घटक आणखी कुठे सापडतो? ऑक्टॅमरला एच-२-बी ने उघडं पाडलं. एनएफ-कप्पा-बी चंही तसंच. १९८६ मध्ये ते कप्पा जनुकाच्या एन्हान्सरला चिकटणारं, बी पेशींचं खास प्रथिन म्हणून समोर आलं. त्याच वर्षी दिसलं की इतर पेशींतही ते झोपलेल्या अवस्थेत असतं आणि योग्य इशारा मिळाला की जागं होतं. नाव तेवढं कप्पाचं राहिलं.

शेवटी एक काम. विर्थ आणि सहकाऱ्यांचा १९८७ चा आणि शूबार्ट आणि सहकाऱ्यांचा २००१ चा पेपर एका आठवड्यात, एकामागोमाग वाचा. एका कागदावर दोन रकाने पाडा: 'मोजलं काय' आणि 'म्हटलं काय'. सारांश वाचून नाही, आकृत्या बघून भरा. मग तिसरा रकाना वाढवा: 'मी नोट्समध्ये काय लिहिलं होतं'. या तिसऱ्या रकान्यातलं एक जरी वाक्य खोडावं लागलं, तर दोन पेपर वाचायला गेलेला आठवडा सार्थकी लागला.